परातभर चवळी, एकोणीस पोरं आणि आठव्या मिनिटाला रणधुमाळी. माझं काय चुकतंय?

धायरीची_ताई (मंगळवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी या कामात नवीन आहे. आठ वर्षं एका ऑफिसात जमाखर्च सांभाळला, मग बालशिक्षणाची पदविका केली आणि या जूनपासून धायरीत एका छोट्या बालवाडीत छोटा गट घेतेय. सोसायटीतला तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे आमची शाळा. माझा वर्ग म्हणजे एके काळचा हॉल. मुलं एकोणीस, वयं साडेतीन ते साडेचार. मदतीला एक मावशी आणि मावशींचे दुखरे गुडघे.

या वयात हाताला काम हवं, हे कोर्समध्ये घोकून घेतलं होतं. ओतणं, गाळणं, निवडणं, ओवणं. म्हणून मागच्या सोमवारी घरची मोठी परात आणली. दोन किलो चवळी, राजमा आणि पांढरे वाटाणे एकत्र केले. आठ पेले, दोन नरसाळी, एक चाळणी. सतरंजी अंथरली आणि मुलांना म्हटलं, या, खेळूया.

पहिली पाच मिनिटं स्वर्ग. सहाव्या मिनिटाला एकाने पेला शेजाऱ्याच्या डोक्यावर उपडा केला. सातव्या मिनिटाला ती कल्पना सगळ्यांनाच आवडली. आठव्या मिनिटाला एक मुलगी दाण्यांवरून घसरून आपटली, एक जण परातीत जाऊन बसला, आणि मुलांवर कधीही ओरडायचं नाही असं वहीत लाल शाईने लिहिणारी मी अशी ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकून बघायला लागल्या. चवळी अजून सापडतेय. काल माझ्या पर्समध्ये सापडली.

पुढची भानगड वेगळीच. एका मुलाची आजी न्यायला आली होती. तिने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "अन्न असं पायदळी तुडवतात का गं?" मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे मलाही ते बघवत नव्हतं. रात्री पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो टाकला. ए ते जे, चार रेघांत, सुबक. खाली प्रश्न, "आपल्याकडे हे कधी सुरू होणार?" त्यावर अकरा अंगठे. दुसऱ्या दिवशी आमच्या संचालिका म्हणाल्या की खेळ वगैरे ठीक आहे, पण दिवाळीपर्यंत वह्या भरलेल्या दिसू देत.

तर विचारायचं एवढंच, की हे असं वर्गात प्रत्यक्षात कसं चालवतात? व्हिडिओत सगळी मुलं मांडी घालून शांतपणे ओतत असतात. ती कुठली मुलं असतात? धान्याला पर्याय काय? आणि वहीचा फोटो टाकणाऱ्या बाबांना काय सांगू?

---

आबा_शनवार (मंगळवार, रात्री ११:०५)

व्हिडिओत दिसतात ती मुलं सहाव्या मिनिटाला कापलेली असतात. व्हिडिओतून म्हणतोय.

बाकी चालू द्या. आमच्या लहानपणी चवळी निवडायला बसवायचे, त्याला शिक्षण म्हणतात हे आत्ता कळलं.

---

पेठेतल्या_बालताई (बुधवार, सकाळी ६:२०)

अगं, तुझं चुकलं ते फक्त गणितात, आणि तेही आठ वर्षं जमाखर्च सांभाळून! परात एक, पेले आठ, पोरं एकोणीस. मारामारी होणारच होती. पोरांचा काही दोष नाही आणि चवळीचाही नाही.

मी सदाशिव पेठेत एका वाड्यातल्या बालवाडीत ३१ वर्षं होते. वाडा गेला, बालवाडी गेली, आता तिथे खाली पार्किंग आणि वर सहा मजले आहेत. माझ्या वर्गात २६ मुलं असायची, तेव्हा सांगते ते पुस्तकातलं नाही.

परात घरी घेऊन जा. एका मुलाला एक थाळी. कड असलेली हवी, चहाचा जुना ट्रे असेल तर उत्तम. त्यात छोटे दोन पेले, एक रिकामा आणि एकात चवळी, तीही अर्धा पेलाच. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे सांडायला आमंत्रण. अशा थाळ्या चारच कर, पाचवी करू नकोस. चार मुलं ओतायला, चार मणी ओवायला, चार कणकेला, बाकीची ठोकळ्यांवर आणि भातुकलीत. "मला पण" असं कोणी म्हणालं, तर थाळी फडताळात परत आली की तुझी. दोघं-तिघं शेजारी उकिडवी बसून नुसती बघत राहतील. राहू दे. दुसऱ्याचे हात बघत बसलेलं पोर रिकामं नसतं.

आणि चवळीच्याही आधी केरसुणी. हसू नकोस. पहिला आठवडा मी फक्त झाडायला शिकवायची. फरशीवर खडूने हातभर लांबीचा चौकोन काढायचा, खोलीत कागदाचे कपटे टाकायचे, ते झाडत झाडत चौकोनात आणायचे, मग सुपलीत भरायचे. पोरांना ओतण्यापेक्षा झाडणं जास्त आवडतं. एकदा हे जमलं की सांडण्यातला गुन्हा संपतो. सांडलं, की झाडायचं काम सुरू. माझ्याकडे एक पोरगा मुद्दाम सांडायचा, झाडायला मिळावं म्हणून. केरसुणी मात्र त्यांच्या उंचीची हवी. मोठी केरसुणी तीन वर्षांच्या मुलाच्या हातात दिलीस, तर ती शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते.

दाखवताना तोंड बंद. आपण ताया फार बोलतो. "बघा हं, आता मी पेला असा उचलला, मग असा धरला..." पोरं तुझ्या तोंडाकडे बघतील, नाहीतर हाताकडे. दोन्हीकडे बघणं त्यांना जमत नाही. एकदाच, सावकाश, मुकाट्याने करून दाखव आणि उठून जा. उठून जाणं सगळ्यात अवघड, ते मला यायला चारेक वर्षं लागली.

एक मुलगी आठवते. घरी तिच्या हातात कोणी पाण्याचा पेलाही देत नसे. पहिले दोन दिवस तिने पेला दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी एक हात सुटला. पेला तिरका केला, चार दाणे पडले, थांबली. पडलेल्या दाण्यांकडे बघितलं. परत तिरका केला. जीभ बाहेर, कपाळाला आठी, आणि का कोण जाणे, डाव्या पायाचा अंगठा वर उचललेला. शेवटचा एक दाणा बुडाला चिकटून बसला, तर तिने पेला आपटला नाही. उलटा धरून बुडावर बोटाने टकटक केलं. ते टकटक मी शिकवलेलं नव्हतं. दाणा पडला. मग सगळं परत उलटीकडे. मी मोजत होते, चौदा वेळा. पंधराव्यांदा तिने थाळी उचलली आणि फडताळात ठेवून दिली. झालं तिचं.

आता वहीचं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडंसुद्धा अजून तयार झालेली नसतात. रेघांचंही एक वय असतं. साधारण तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण जमते, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचाला. चार-सहा महिने इकडेतिकडे. आता आपला "अ" बघ. वर एक अर्धगोल, खाली दुसरा, मधून आडवी दांडी, शेजारी उभा काना, डोक्यावर रेघ. जे मूल अजून अधिकची खूण काढायला धडपडतंय, त्याच्यापुढे आपण हे ठेवतो आणि वर म्हणतो, लक्ष नसतं त्याचं! म्हणून तर जुन्या ताया लिहायला अ-आ-इ पासून सुरुवात करत नसत. ग, म, भ, न असे वळणाने सारखे दिसणारे गट करायच्या. तेही मोठ्या गटात, आणि आधी रांगोळीच्या थाळीत बोटाने, मग पाटीवर, मग वहीत.

संचालिकाबाईंना आणखी एक दाखव. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ३ ते ६ वयाच्या मुलांना नेमून दिलेलं पाठ्यपुस्तक नको, असं त्यात लिहिलंय. माझ्या सुनेने मला ते फोनवर काढून दाखवलं. सरकारला पटायला इतकी वर्षं लागली म्हणताना बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

मणी ओवायला बुटाची नाडी घे. तिचं टोक कडक असतं. सुई-दोरा नको.

---

रात्रपाळीची_आई (बुधवार, दुपारी १:१५)

मी त्या अकरा अंगठ्यांतला एक अंगठा आहे असं समजा. तुमच्या बालवाडीतली नाही, बाणेरला राहते, पण दोन वर्षांपूर्वी मीही तसाच फोटो बघून तसाच अंगठा दिला होता. तेव्हा पालकांच्या बाजूनेही ऐका.

आम्हाला खेळ नको असतो असं नाही. आम्हाला भीती असते. पुढच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलाला विचारतील आणि त्याला येणार नाही, ही ती भीती. वही दिसते म्हणून वही मागतो. मुलगा घरी आला की मी विचारायचे, आज काय केलं? तो म्हणायचा, काही नाही. रोज "काही नाही" ऐकलं की महिन्याच्या फीचा हिशेब डोक्यात सुरू होतो.

आमच्या ताईंनी एक युक्ती केली. पालकसभेला भाषण दिलं नाही. आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि प्रत्येकासमोर थाळी. एका वाटीतले वाटाणे छोट्या चिमट्याने दुसऱ्या वाटीत टाकायचे, हातांचा वापर नाही, पाच मिनिटं. आधी सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग खोली अशी गप्प झाली की पंख्याचा आवाज यायला लागला. ताई "झाली वेळ" म्हणाल्या तरी माझा नवरा उठेना. त्याचे सात वाटाणे राहिले होते. हिंजवडीत ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत तो माणूस! नंतर ताईंनी फक्त विचारलं, आत्ता हात कुठे दुखतोय? अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट. पेन्सिल धरायची तीच तीन बोटं. पुढे काही सांगावं लागलं नाही.

फोटो रोज पाठवू नका. फोटोत सगळं गोडच दिसतं आणि त्यासाठी तुम्ही मुलांकडे बघायचं सोडून फोनकडे बघता. आठवड्यातून एकदा, माझ्याच मुलाबद्दल, एक ओळ पाठवा. "आज बरणीचं झाकण स्वतः फिरवून उघडलं." अशी ओळ मी अजून जपून ठेवली आहे.

---

कान_नाक_घसा (बुधवार, रात्री ९:५०)

डॉक्टर म्हणून थोडं रसभंग करतो. खेळू द्याच, पण:

मिश्रणातून राजमा आजच काढा. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते नीट उकळल्यावरच जातं. थोडेसेच कच्चे दाणे चावून खाल्ले तरी सपाटून उलट्या होतात. तेच गुंजेचं. लाल-काळ्या सुंदर बिया, दागिन्यात शोभतात, वर्गात अजिबात नकोत, त्या जीवघेण्या आहेत. एरंडीच्याही नकोत.

तीन वर्षांखालचं एकही मूल त्या खोलीत असेल, तर सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यातून जी वस्तू पार जाते ती हातात देऊ नका. तीनच्या वर असलेलं पण अजून सगळं तोंडात घालणारं मूल असेल, तर त्यालाही हाच नियम.

आणि नाक. पावसाळ्यात माझ्याकडे वाटाणा, शेंगदाणा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा, काहीही येतं. नाकात कडधान्य गेलं तर पाणी घालायचं नाही, ते फुगतं. चिमट्याने, पिनेने, करंगळीने काढायला जायचं नाही, ते आत सरकतं. मुलाला शांत ठेवा आणि थेट डॉक्टरकडे या. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल नाकात किंवा पोटात गेला असेल, तर एक मिनिटही वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड दिसला, तर तुम्हाला कोणी सांगितलं नसलं तरी आत काहीतरी आहे.

---

पेठेतल्या_बालताई (बुधवार, रात्री १०:१०)

डॉक्टर, चिंचोक्याचं नाव घेतलंत म्हणून कबूल करते. माझं दुसरंच वर्ष. चिंचोक्यांचा डबा उघडा ठेवून मी दारात एका आईशी बोलत उभी होते. एका मुलाने तेवढ्यात नाकात घातला. रिक्षातून त्याला नेताना त्याच्यापेक्षा मी जास्त रडत होते. डॉक्टरांनी काढला, मुलाने तो खिशात घालून घरी नेला. तेव्हापासून झाकणाचे डबे, मोजून भरलेले. वीस दिले तर वीस परत. मोजणं आपोआप होतं ते निराळंच.

---

अंगणातली_शाळा (गुरुवार, दुपारी ३:३०)

ताई नमस्कार. मी मुळशीकडं अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. मला असं लांबलचक लिहायची सवय नाही, रजिस्टरं लिहूनच हात दुखतो.

त्या आजीचं बरोबर आहे. धान्य पायात येऊ नये. आमच्याकडं कोणी परातभर चवळी खेळायला दिली तर गावातल्या बाया मला हाकलून देतील. पण निवडायला दिली तर कोणी बोलत नाही, कारण निवडलेलं शिजतं. मी मूग आणि मटकी मिसळून देते, मुठीएवढं एका पोराला. पोरं वेगळं करतात. मग त्यांच्यासमोरच भिजत घालते. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधते. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं की मोड बघून पोरं ओरडतात. मग खिचडीत. घरी भाजी न खाणारं पोर ही मटकी खातं, कारण ही त्यानं निवडलेली. थंडीत मटार सोलायला देते, शेंग फोडायला बोटात जोर लागतो. अर्धे मटार तोंडात जातात, जाऊ देत.

ओतायला माती घ्या, बारीक वाळू चाळून, धुऊन, वाळवून. पाणीही चालतं. गुलमोहराची वाळकी शेंग वाजवायला. पानं लहानमोठी लावायला. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं सांगतात. १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती हीच साधनं केली. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात भरवली. त्यावरूनच अंगणवाडी. सरकारची योजना नंतर आली, १९७५ ला. अनुताई तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच, मोरगावच्या.

तुमच्याकडं अंगण नाही, सोसायटीचं पार्किंग असेल. दहा मिनिटं तिथं नेऊन पडलेली पानं गोळा करा. फुकट.

---

आबा_शनवार (गुरुवार, सायंकाळी ५:००)

सेविकाताईंना नमस्कार. लांबलचक लिहायची सवय नाही म्हणत सगळ्यांत कामाचं लिहिलंत.

माझी भर: नातवंडांना मी पूर्वी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत न्यायचो. अरविंद गुप्ता तिथे असताना टाकाऊ वस्तूंची खेळणी बघायला मिळत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून त्रिकोण, चौकोन करायचे. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी बोटांना कळलं. साडेतीन वर्षांच्यांना ते तुकडे फार बारीक पडतील, डॉक्टर रागावतील. पण वर्तमानपत्राच्या टोप्या करायला हरकत नाही. आमच्या घरी येणारं वर्तमानपत्र निदान त्या कामी तरी येतं.

---

धायरीची_ताई (रविवार, दुपारी १२:३०, गणपतीनंतर)

मंडळी, बरेच दिवस लिहिलं नाही, कारण संध्याकाळी बसल्या जागी झोप लागत होती. आता सगळं एकदमच सांगते.

परात घरी गेली. केरसुणीचा आठवडा झाला. पेठेतल्या ताई, तुम्ही लिहिलं तेव्हा मी खरंच हसले होते. गेल्या मंगळवारी केरसुणीवरून दोघांची मारामारी झाली, म्हणजे तुमचं खरं निघालं. थाळ्या चारच केल्या. पाचवी करायचा मोह एकदा झाला, केली, आणि त्याच दिवशी सगळं बिघडलं. का ते अजून कळलेलं नाही. बहुधा पाचव्या थाळीला मीच पुरी पडत नाही.

ओतायला आता धुतलेली वाळू आहे. निवडायला मूग-मटकी, दर सोमवारी, बुधवारी मोड, गुरुवारी उसळ. ज्या आजी रागावल्या होत्या त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की आता हे शिजतं. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या सोमवारी घरचं सूप घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून पाखडायला बसल्या. सुपाचा तो फट्-फट् आवाज सुरू झाल्यावर ठोकळ्यांवरची मुलंसुद्धा उठून आली. फोलपट उडून पुढे पडतं आणि मूग सुपातच राहतात, हे त्यांनी डोळे फाडून बघितलं. एकाने विचारलं, "मूग का नाही उडत?" आजी म्हणाल्या, "जड आहेत." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एक पान उचलून फुंकलं, मग खडू उचलून फुंकला, मग माझी किल्ली. दुपारपर्यंत वर्गातली प्रत्येक वस्तू फुंकून झाली होती. शेवटी त्याने मावशींना फुंकलं आणि जाहीर केलं, "जड आहे." मावशी त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

कणीकही केली. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी आणि रंगाला हळद. ऑगस्टच्या हवेत मिठाला पाणी सुटून ती पार चिकट झाली. आता डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते आणि काढल्यावर कोरडा मैदा लावते. आजीबाईंनी त्यावरही भुवई उंचावली, पण मीठ खारट आहे म्हटल्यावर सोडून दिलं.

पालकसभेत चिमट्याचा प्रयोग केला. बाणेरच्या ताई, तुमचे आभार. फोटो टाकणारे बाबा आले होते. त्यांचे अकरा वाटाणे जमिनीवर गेले आणि ते स्वतःच शोधत होते. सभा संपल्यावर मला म्हणाले, "ठीक आहे, पण आकडे तरी?" मी त्यांच्या मुलीचं सांगितलं. भातुकलीत ती भाजीवाली होते, भेंडी दोनशे रुपयांना एक. गिऱ्हाईक "तीन द्या" म्हणालं की तीन भेंड्या एकेक करून हातावर ठेवते, प्रत्येक भेंडीला एकच आकडा. जूनमध्ये ती वीसपर्यंत धडाधडा म्हणायची, पण चार वस्तू मोजताना सात म्हणायची. बाबा म्हणाले, "दोनशे रुपये जरा जास्त नाहीत का?" हसले, पण पटलं की नाही ते कळलं नाही.

सगळंच साधलं असं नाही. एक मूल काढून दुसरीकडे घातलं, तिथे वही सुरू आहे. आणि संचालिकाबाईंशी तडजोड झालीये. वही आहे, पण कोरी, रेघांशिवाय. मुलं त्यात हवं ते काढतात, मी खाली तारीख आणि त्यांनी जे सांगितलं ते लिहिते. काल एका गोलाखाली लिहिलं, "ही आई आहे, ती फोनवर आहे." त्या आईला वही दाखवायची का, या विचारात आहे.

आता नवीन प्रश्न. गणपतीत उरलेला शाडू आणला होता. मुलं बेहद्द खूश, पण हात धुतले बेसिनमध्ये आणि बेसिन तुंबलं. प्लंबरने पाइप उघडून दाखवला, आत अख्खा गणपती होईल एवढा शाडू. तुम्ही काय करायचात? आणि या उंचीची केरसुणी मिळते कुठे? आमच्याकडे मोठी कापून केली, ती सुटून येतेय.

---

पेठेतल्या_बालताई (रविवार, दुपारी २:०५)

शाडूचा हात बेसिनकडे फिरकूही द्यायचा नाही. दोन बादल्या ठेव. पहिलीत हात नुसते बुडवून खळबळायचे, दुसरीत धुवायचे, मग नॅपकिन. पहिली बादली रात्रभर हलवू नकोस. सकाळपर्यंत शाडू खाली बसतो, वरचं पाणी कुंड्यांना घाल, खालचा गाळ फडक्यावर पसरून पुरता सुकला की परत वापर. एक पोतं मला तीन वर्षं पुरलं. मळताना पाणी मुलांच्या हातात भांडं भरून देऊ नकोस, ओलं फडकं पिळून दे. नाहीतर शाडूचं दहा मिनिटांत पिठलं होतं. झाकून ठेवताना ओलं पोतं वर टाक. वाळून दगड झाला तर फेकू नकोस, वरवंट्याने कुटायला मुलांना दे, एक अख्खी सकाळ जाते.

त्या आईला वही दाखव. काही बोलू नकोस, नुसती उघडून हातात दे.

---

रात्रपाळीची_आई (रविवार, दुपारी ४:४०)

शाडू कपड्यावरून निघतो का? विचारून ठेवते, धाकटी पुढच्या वर्षी येतेय.

---

अंगणातली_शाळा (रविवार, सायंकाळी ६:१५)

निघतो. ओला असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, मग धुवा. हळदीची कणीक निघत नाही.

---

आबा_शनवार (रविवार, रात्री ८:३०)

केरसुण्यांचं माझ्यावर सोपवा. बुरूड आळीत लहान सुपल्या मिळतात, त्या घेऊन येतो. केरसुण्या मोठ्याच आणाव्या लागतील, पण कापायच्या आधी दोन ठिकाणी सुतळीने आवळून बांधायच्या आणि मग खालून कापायच्या, म्हणजे सुटत नाहीत. आपण आधी कापून मग बांधलीत, असा माझा अंदाज. शनिवारी धायरीला बहिणीकडे येतोच आहे. किती करू? सहा?

---

धायरीची_ताई (रविवार, रात्री ८:४२)

आबा, मनापासून आभार, आणि अंदाज बरोबर आहे. चार पुरे. सहा आणल्यात तर दोन घरी लपवून ठेवाव्या लागतील.